सहलीचा मार्ग आणि मोबाइलमधील नकाशा

दिवाळीची सुटी संपते, महाविद्यालय पुन्हा गजबजू लागते आणि एके दिवशी सूचनाफलकावर शैक्षणिक सहलीची सूचना लागते. विद्यार्थ्यांचा आनंद तेथून सुरू होतो आणि सहलप्रमुख प्राध्यापकाची काळजीही तेथूनच सुरू होते. बस कोणाची, मुक्काम कोठे, जेवणाची सोय काय, हे प्रश्न जुनेच आहेत. मार्ग कोणता, हाही प्रश्न जुनाच. त्याचे उत्तर शोधण्याची रीत मात्र पार बदलली आहे. पूर्वी भिंतीवरचा नकाशा, एस.टी.चे वेळापत्रक आणि त्या रस्त्याने नुकताच जाऊन आलेला एखादा माणूस, एवढ्या तीन साधनांवर मार्ग ठरत असे. आज या तिन्हींची जागा खिशातल्या मोबाइलने घेतली आहे. दोन गावांची नावे लिहावीत आणि निळी रेषा, अंतर व वेळ क्षणात समोर यावी, ही सोय खरोखर विलक्षण आहे.

परंतु दोन-तीन दिवसांच्या, आठ-दहा ठिकाणांच्या प्रवासाची आखणी ज्याने या नकाशावर करून पाहिली आहे, त्याला एक अनुभव हमखास आलेला असतो. नकाशा आपले ऐकत नाही. आपण एक रस्ता धरावा, त्याने दुसरा दाखवावा. आपण गाव लिहावे, त्याने दुसऱ्याच जिल्ह्यातले गाव काढावे. आपण एक थांबा वाढवावा, त्याने आधी जमवून आणलेली सगळी आखणी विसकटावी. असे का होते, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. यंत्राची निंदा करण्याचा हेतू नाही. यंत्र कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि आपल्या मनात कोणता प्रश्न असतो, यांतील अंतर दाखवावे, एवढाच हेतू आहे.

एक सहल, दोन रस्ते

उदाहरण घरचेच घेऊ. जवळा बाजारहून निघून औंढा नागनाथ, नर्सी नामदेव, लोणार, सिंदखेडराजा असे करीत छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी दौलताबाद व वेरूळ पाहून परत यावे, अशी दोन दिवसांची सहल काही वर्षांपूर्वी आम्ही आखली. मराठी, इतिहास आणि भूगोल या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांची तीत सोय होती. औंढ्याचे देवालय संत नामदेवांच्या आख्यायिकेशी जोडलेले आहे. नर्सी हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. लोणारचे विवर उल्कापाताने काळ्या बेसाल्ट खडकात निर्माण झालेले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान.

औंढ्याहून लोणारला जाण्याचे दोन मार्ग सांगता येतात. एक जिंतूर आणि मंठ्यावरून, दुसरा हिंगोली, सेनगाव आणि रिसोडवरून. नर्सी दुसऱ्या मार्गावर आहे, म्हणून आम्हाला दुसराच मार्ग हवा होता. नकाशाने जिंतूर-मंठ्याचा मार्ग पुढे केला, कारण त्याच्या हिशेबाने तो लवकर पोचविणारा होता. मध्ये थांबा घालावा म्हणून आम्ही 'नर्सी' असे लिहिले. नकाशाने नांदेड जिल्ह्यात, नायगाव तालुक्यातील नरसी उचलली आणि वायव्येस जाणारी आमची सहल आग्नेयेकडे वळविली! ती चूक दुरुस्त केली, तो पुढच्या टप्प्यात रेषा दुसरीकडूनच जाऊ लागली. दोन दिवसांच्या सहलीची आखणी करण्यात आमच्या तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी कंटाळून आम्ही 'बसमध्ये बसल्यावर पाहू' असे म्हटले. हा कंटाळा पुढे किती महाग पडला, ते यथावकाश सांगतो. आधी नकाशाचे अंतरंग पाहू.

नकाशाला वाट कशी सापडते?

आपल्या देशात शास्त्रीय नकाशांची परंपरा मोठी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मधील. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी एक आधाररेषा मोजली आणि तेथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत साऱ्या देशाची मापणी पुढे सरकली. हे लॅम्बटन काम करता करताच १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावले. त्या नकाशांनी गाव कोठे आहे, नदी कोठून वाहते, टेकडी किती उंच, हे सांगितले. कसे जावे, हे मात्र त्यांनी प्रवाशावर सोपविले होते. मोबाइलमधील नकाशा हे दुसरे कामही स्वतःकडे घेतो.

ते तो कसे करतो? संगणकाला रस्ता, झाडे, वस्ती असे काही दिसत नाही. त्याच्यापाशी गाठी आणि धागे यांचे एक प्रचंड जाळे असते. प्रत्येक फाटा, प्रत्येक चौक ही एक गाठ आणि दोन गाठींमधला रस्ता हा धागा. प्रत्येक धाग्याला एक आकडा बांधलेला असतो; बहुधा तो रस्ता पार करण्यास लागणाऱ्या वेळेचा. सुरुवातीच्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत ज्या धाग्यांची बेरीज सर्वांत कमी, ती वाट निळी करावयाची, एवढेच त्याचे काम.

ही बेरीज झटपट करण्याची युक्ती एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५६ मध्ये शोधली आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. ॲमस्टरडॅममध्ये एका उपाहारगृहात कॉफी पीत बसलो असता वीसएक मिनिटांत ती सुचली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. युक्ती सोपी आहे. निघण्याच्या गाठीपासून सर्वांत जवळची गाठ आधी पक्की करावयाची, मग तिच्या आधाराने त्यापुढची, असे करीत पाण्याच्या ओघळाप्रमाणे चहूकडे पसरत जायचे. मुक्काम आला की थांबायचे. आजच्या नकाशांत तीत पुष्कळ सुधारणा झाल्या आहेत, पण पाया तोच आहे.

आता आपली पहिली तक्रार पाहू. औंढा ते लोणार या प्रवासात जिंतूरच्या वाटेची बेरीज नर्सीच्या वाटेपेक्षा चार-पाच मिनिटांनी जरी कमी आली, तरी यंत्राच्या दृष्टीने प्रश्न संपला. नामदेवांच्या गावाला त्या बेरजेत आकडा नाही. रुंद रस्त्याला, झाडांच्या सावलीला, मुलींसाठी स्वच्छतागृह असलेल्या ठिकाणाला, ओळखीच्या खानावळीलाही नाही. सहल आखणारा माणूस मात्र बहुतांशी याच गोष्टींचा विचार करीत असतो.

वेळ कोठून येते?

आपण कोठे आहोत, हे फोनला उपग्रहांवरून समजते. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांपैकी किमान चारांचे संदेश मिळाले की फोन आपले ठिकाण काढू शकतो. ही यंत्रणा अमेरिकेच्या लष्करासाठी उभारलेली. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि त्यानंतर गाडीत, पुढे खिशात, ही सोय आली. गूगलचा नकाशा फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झाला.

रस्त्यावर किती वेळ लागेल, हे मात्र उपग्रह सांगत नाही. ते त्या रस्त्यावरून जाणारे इतर फोन सांगतात. हजारो प्रवाशांचे फोन आपले ठिकाण कळवीत असतात. त्यांचा वेग पाहून कोणता रस्ता मोकळा आणि कोणता तुंबलेला, हे ठरते. २०२० मध्ये बर्लिन शहरातील एका कलावंताने हातगाडीत ९९ जुने फोन ठेवून ती गाडी मोकळ्या रस्त्यावरून हळूहळू ओढत नेली. नकाशावर तो रस्ता लाल झाला, जणू काही तेथे मोटारींची दाटी झाली होती. रस्त्यावर होता तो एक माणूस आणि एक हातगाडी!

या गमतीत मोठा बोध आहे. नकाशा रस्ता पाहत नाही, फोन पाहतो. पुणे-मुंबई मार्गावर फोन अगणित, म्हणून तेथील अंदाज बहुधा बरोबर येतो. आपल्याकडे वसमत, औंढा, सेनगाव या तालुक्यांतील आडरस्त्यांवर रात्री दहानंतर किती फोन जात असतील? जेथे फोन नाहीत, तेथे यंत्राला जुन्या सरासरीवर आणि रस्त्याच्या प्रकारावर भागवावे लागते. त्यात हे फोन कोणाच्या गाडीत आहेत, हाही प्रश्न आहेच. एकेरी डांबरी रस्त्यावर मोटारसायकल ज्या वेगाने जाते, त्या वेगाने बावन्न आसनांची बस जाऊ शकत नाही. गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चाललेले असतात आणि त्यांच्यामागे अडकलेल्या वाहनाची काय गत होते, हे आपल्या भागातील लोकांना सांगावयास नको.

नावांचा घोळ

जवळा हे नाव एका गावाचे नाही. सांगोला तालुक्यात जवळा आहे, जामखेड तालुक्यात आहे, पारनेर तालुक्यातही आहे. कोकणी माणसाला तर जवळा म्हटले की सुकी मासळी आठवते! आपल्या गावाला 'बाजार' हे शेपूट आहे म्हणून बरे. हट्टा आपल्या शेजारी आहे, तसा मध्य प्रदेशातील दमोह जिल्ह्यातही आहे. पूर्णा नावाच्या दोन नद्या महाराष्ट्रात आहेत. एक तापीला मिळते, दुसरी गोदावरीला. आणि पूर्णा नावाचे रेल्वे जंक्शन पुन्हा वेगळेच. 'नागेश्वर ज्योतिर्लिंग' असे लिहून पाहावे, नकाशा गुजरातेत द्वारकेजवळचे देवस्थान दाखविण्याची शक्यता अधिक. ज्योतिर्लिंग कोणते, हा श्रद्धेचा वाद निराळा. बस कोठे जाणार, हा प्रश्न मात्र डिझेलचा आहे.

त्यातही नाव रोमन लिपीत लिहिले की भर पडते. रोमन लिपीत 'ळ' नाही. जवळा, जवला, जावला ही सारी तेथे एकमेकांत मिसळतात. वसमत हे तर कोठे व-ने, कोठे ब-ने, कोठे शेवटी एक अक्षर वाढवून लिहिलेले आढळते. शिवाय नावे बदलतात. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये. जिल्हेही बदलतात. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या कागदावर आपले गाव परभणी जिल्ह्यातच सापडेल. रस्त्यांचे क्रमांकही बदलले. कल्याणहून अहिल्यानगर, परभणी, नांदेड करीत निर्मलला जाणारा २२२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग २०१० च्या नव्या क्रमवारीत ६१ झाला. जुन्या पाटीवर एक, नकाशावर दुसरा आणि रस्ता विचारला तर माणूस म्हणणार, "परभणी रोडनं जा की!" यांपैकी परभणी रोड हे नाव तेवढे कधी बदलले नाही.

थांबे आणि हट्टी रेषा

दूरच्या प्रवासाची आखणी करणाऱ्याला सर्वांत अधिक त्रास होतो तो थांब्यांचा. बहुतेक नकाशांत नऊ-दहांहून अधिक थांबे घालता येत नाहीत. घातलेले थांबे कोणत्या क्रमाने घ्यावेत, हेही पुष्कळदा आपल्यालाच ठरवावे लागते. हे काम सोपे वाटते, पण पाच ठिकाणे १२० प्रकारे लावता येतात, सात ठिकाणे ५,०४० प्रकारे आणि दहा ठिकाणे ३६,२८,८०० प्रकारे. म्हणूनच यंत्रही यापासून दूर राहणे पसंत करते.

दुसरा त्रास हट्टी रेषेचा. आम्ही ज्या नकाशावर आखणी केली, त्यात संगणकाच्या पडद्यावर रेषा बोटभर ओढून हव्या त्या रस्त्यावर आणता येत असे. ती आखणी मोबाइलवर पाठविली की तो पुन्हा नव्याने बेरीज करी आणि आपल्या आवडत्या वाटेवर परत जाई. याचे कारण आता ध्यानात येईल. आपण ओढलेली रेषा ही त्याला आपली इच्छा म्हणून समजत नाही. त्याला समजतात फक्त गाठी. निघण्याची गाठ, पोचण्याची गाठ आणि मधले थांबे. दोन थांब्यांच्या मध्ये तो स्वतंत्र आहे. त्यामुळे एखादा रस्ता धरून ठेवावयाचा असेल, तर त्या रस्त्यावरचेच एखादे गाव थांबा म्हणून घालावे लागते. आमच्या सहलीत सेनगाव आणि रिसोड हे दोन थांबे घातले असते, तर रेषेला जिंतूरकडे पळता आले नसते. हे साधे तत्त्व आम्हाला फार उशिरा कळले.

बस आणि मोटार

नकाशात चारचाकीचा पर्याय असतो, दुचाकीचाही असतो. भाड्याने ठरविलेल्या सहलीच्या बसचा पर्याय सर्वसाधारण नकाशांत आढळत नाही. आपण नकळत मोटारीचा पर्याय निवडतो आणि मोटारीची वेळ बसला लावतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरविलेल्या कमाल वेगमर्यादा पाहा. साध्या रस्त्यावर मोटारीस ताशी ७० किलोमीटर, बसला ६०. चौपदरी दुभाजक रस्त्यावर मोटारीस १००, बसला ९०. द्रुतगती मार्गावर मोटारीस १२०, बसला १००. हा झाला कागदावरचा फरक. चढ, खड्डे, गतिरोधक आणि गावातील गर्दी यांत बस आणखी मागे पडते.

रुंदीचाही हिशेब करू. एकेरी रस्त्याचे डांबर साधारण ३.७५ मीटर रुंद असते. बसची रुंदी सुमारे अडीच मीटर. समोरून तेवढेच वाहन आले तर पाच मीटर हवेत. म्हणजे एकाने साइडपट्टीवर उतरलेच पाहिजे आणि पावसानंतर किंवा कालव्याच्या पाण्याने साइडपट्टी भिजलेली असेल तर बस कलंडण्याचे भय. रस्त्यावरील मैलाचा दगड या बाबतीत नकाशापेक्षा अधिक बोलका असतो. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्य महामार्गाचा, नारिंगी ग्रामीण रस्त्याचा. निळ्या रेषेचा रंग मात्र महामार्गावर आणि शिवरस्त्यावर सारखाच निळा.

परतीची रात्र

आता राहिलेली हकिगत सांगतो. दुसऱ्या दिवशी वेरूळहून निघावयास दुपारचे साडेचार झाले. जालना, मंठा, जिंतूर, औंढा असा सुमारे अडीचशे किलोमीटरांचा रस्ता. नकाशाने पाच तास दाखविले. आम्ही त्यात अर्धा तास मिळविला आणि पालकांना कळविले, "दहा वाजेपर्यंत येतो." ताशी चाळीस किलोमीटरने बस चालली असती, तरी सव्वासहा तास लागणार होते आणि जेवणाला एक तास निराळाच. हा हिशेब चौथीतल्या मुलालाही आला असता. आम्ही तो केला नाही, कारण पडद्यावर आयता आकडा होता.

जिंतूर सोडले तेव्हाच दहा वाजून गेले होते. फोन येऊ लागले. अशा वेळी एका फाट्यावर नकाशाने उजवीकडची वाट दाखविली, बारा मिनिटे वाचणार होती. चालकमामा म्हणाले, "सर, औंढ्यावरूनच जाऊ. हा रस्ता माझ्या पाहण्यातला नाही." मी घाईत होतो. मी म्हटले, "नकाशात दाखवतोय ना, घ्या."

तीनएक किलोमीटर गेल्यावर रस्ता अरुंद झाला. पुढे दिव्याच्या उजेडात मुरमाचा ढीग दिसला आणि मामांनी करकचून ब्रेक लावला. ढिगाच्या पलीकडे ओढ्यावरचा पूल नव्हता. नवीन बांधण्यासाठी तो पाडलेला होता. बाजूने खाली उतरणारा कच्चा रस्ता ट्रॅक्टरजोगा होता, बसजोगा नव्हता. शेजारच्या शेतात गव्हाला पाणी देत असलेले एक वृद्ध गृहस्थ बॅटरी घेऊन धावत आले. "बाबा, पूल कधीपासून पाडलाय?" "दोन महिने झाले की. फाट्यावर पाटी होती, कुणीतरी पाडली. गाडी इथं फिरत नाही सर, मागंच घ्यावी लागंल." आणि मग ते बाबा पुढे, त्यांच्यामागे मोबाइलचे दिवे धरून मुले, आणि मागे मागे सरकणारी बस, अशी वरात फाट्यापर्यंत निघाली. मुली बसमध्येच गप्प बसून होत्या.

जवळा बाजारला पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. थंडीत पालक उभे होते. कोणी रागावले नाही. रागावले असते तर बरे वाटले असते. एका मुलीचे वडील तिची पिशवी हातात घेत एवढेच म्हणाले, "सर, तुम्ही दहा म्हणाले होते." पुढच्या वर्षी सहलीच्या यादीत मुलींची नावे निम्म्याहून कमी झाली. त्या मुलीचेही नाव नव्हते. खेड्यातील मुलीला लोणार आणि वेरूळ पाहण्याची संधी वारंवार येत नाही. ती संधी बारा मिनिटांच्या लोभाने आम्ही काहींच्या हातून घालविली, ही बोच अजून आहे.

आमचे थोडक्यात निभावले. सर्वांचेच तसे निभावत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री एक मोटार गेली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. मोबाइलवरील नकाशा पाहत ते निघाले होते, असे वृत्तपत्रांत आले होते. तो पूल वर्षातील काही महिने पाण्याखाली असतो, हे तेथील माणसांना ठाऊक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील तुटलेल्या पुलावरून मोटार कोसळून तिघे मरण पावले. तेथेही नकाशाचीच चर्चा झाली. या घटनांत रस्ता बंद न करणारे, पाटी न लावणारे यांचीही जबाबदारी आहे, हे विसरता कामा नये. परंतु पाटी नसताना आपल्याला सावध करू शकेल असा एकच उपाय उरतो, तो म्हणजे माणसाला विचारणे.

मग करावे काय?

नकाशा टाकून द्यावा, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. त्याच्याकडून त्याचे काम घ्यावे आणि आपले काम आपण करावे. त्या वर्षानंतर आम्ही काही नियम केले आहेत. ते इतरांच्याही उपयोगी पडतील म्हणून देतो.

पहिला नियम, गावाचे नाव एकटे लिहू नये. तालुका व जिल्हा जोडावा. शक्यतो देवनागरीतही लिहून पाहावे. सापडलेले ठिकाण खरेच तेच आहे ना, हे शेजारची दोन गावे पाहून पडताळावे.

दुसरा, हवा तो रस्ता धरून ठेवण्यासाठी त्या रस्त्यावरची गावे थांबे म्हणून घालावीत आणि थांबे फार झाले तर दिवसागणिक वेगळी आखणी करावी. एका दिवसाची एक रेषा पुरे.

तिसरा, पडद्यावरची वेळ बसला लावू नये. साध्या रस्त्याचे किलोमीटर चाळिसाने भागावेत, मग जेवण, चहा आणि चाळीस जणांचे उतरणे-चढणे यांचा वेळ स्वतंत्र धरावा. पालकांना सांगावयाची वेळ त्याहूनही एक तास पुढची असावी.

चौथा, ठरलेला मार्ग कागदावर उतरवावा. गावे, त्यांमधील अंतरे, कोठे वळावयाचे ते फाटे, डिझेलचे पंप आणि मुक्कामाचा दूरध्वनी. एक प्रत चालकापाशी, एक आपल्यापाशी, एक महाविद्यालयात. डोंगराळ भागात इंटरनेट जाते, कागद जात नाही. ज्यांना जमेल त्यांनी त्या भागाचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा.

पाचवा, निघण्याच्या आदल्या दिवशी त्या मार्गावरच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला किंवा एस.टी.च्या वाहकाला विचारावे, "रस्ता चालू आहे ना?" या एका प्रश्नाचे उत्तर उपग्रहापाशी नाही.

सहावा आणि सर्वांत महत्त्वाचा. अंधार पडल्यावर नवी वाट धरू नये, मग ती कितीही मिनिटे वाचवो. चालक नको म्हणाला तर विषय तेथेच संपवावा. बसच्या बाबतीत त्याचा अनुभव हाच नकाशा.

यांपैकी एकाही नियमाला विशेष ज्ञान लागत नाही. तरीही ते पाळावयास आपण विसरतो, कारण आयते उत्तर मिळाले की प्रश्न विचारण्याची सवय मोडते. नकाशा सांगतो ती वाट एका मोटारीला सर्वांत लवकर नेणारी असते. आपल्याला हवी असते ती चाळीस मुलांना सांगितल्या वेळी घरी आणणारी वाट. पहिलीची बेरीज यंत्राने करावी. दुसरीची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही, कारण रात्री बाजारात पालकांच्या समोर उभे राहावे लागते ते आपल्याला.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच मार्गाने सहल नेली. जाताना नर्सी पाहिली, येताना औंढ्यावरूनच आलो. पालकांना बारा वाजता येतो असे सांगितले होते. पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते आणि बाजारात अजून कोणी आलेले नव्हते. सगळ्यांचे पालक येईपर्यंत आम्ही बसमध्येच बसून राहिलो. त्यात ते पूर्वीचे गृहस्थही आले, आता त्यांची धाकटी मुलगी सहलीत होती. घड्याळ पाहून म्हणाले, "सर, यंदा तर तुम्ही लवकरच आले की!"